किनारीचे तुकडे

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. पाकीट फोडताच तू म्हणशील, या कार्टीला फोन करायला काय झालं होतं? पण फोनमधून कापड पाठवता येत नाही आणि वासही जात नाही. जात असता तर बरं झालं असतं. गेले चार दिवस मी तो एकटीच सोसते आहे.

बातमी अशी की आमच्या तंबूच्या कारखान्यात मला शिवणीच्या टेबलाची मुख्य केलंय. मुख्य म्हणजे काय, तर शिवणींना गोंद लावायचं जे काम कोणालाच नको असतं ते आता माझ्या सहीने होणार. टेबल कसलं, वर्षानुवर्षांच्या वाळलेल्या गोंदाचा थर आहे नुसता. त्यात केस आहेत, दोरे आहेत, एक अख्खी माशी आहे. पहिल्या दिवशी मी ती माशी खरवडायला घेतली तर शेजारची बाई म्हणाली, "राहू द्या की, आमच्या आधीपासून आहे ती."

आता कामाचं. बर्फातल्या हवामान ठाण्यासाठी बावीस तंबू करायचेत. पंचवीस मार्चला माल जायला हवा. आणि तिथे चाळीस दिवस राहायला जी माणसं जाणार आहेत त्यांत आपला दादा आहे, माझा धाकटा भाऊ, नावाचाच दादा. हो, तुझा लाडका भाचा, मोजे ओले झाले की भोकाड पसरणारा. तो आता वाऱ्याचा वेग मोजणार आहे. वर एकदा तंबूत पाणी शिरलं की झोपायच्या पिशव्या भिजतात, आणि भिजलेली पिशवी तिथे वाळत नाही, गोठते. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

कापड नवीन आहे, कांद्याच्या सालीसारखं हलकं. शिवणीतल्या सुईच्या भोकांवर काय लावायचं यावर इथे रोज कटकट चालते. तीन नळ्या आहेत. एक नंबर सिलिकॉनची, व्हिनेगरसारखी आंबट वासाची, वाळायला अख्खा दिवस घेते. दोन नंबर पॉलियुरेथेनची, जिला सगळे पीयू म्हणतात, मधासारखी पिवळी, वासाने डोकं भणाणतं पण दोन तासांत वाळते. तीन नंबर पाण्यात कालवायची, वास नाही, पण दिसायला सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतं तसलं काहीतरी.

साहेबांना दोन नंबर हवी आहे, लवकर वाळते म्हणून. साहेब म्हणजे तुझ्या हाताखाली दोन वर्षं शिकून गेले तेच. आता त्यांचे शर्ट इतके कडक असतात की सगळे पाठीमागे त्यांना इस्त्री म्हणतात. पण तुझं नाव निघालं की अजूनही खुर्चीत सावरून बसतात. काल म्हणाले, "बाईंनी तपासून हो म्हटलं की झालं. बाईंच्या बोटांना सगळं कळतं."

सोबत तिन्ही नळ्या आणि कापडाचे सहा तुकडे आहेत. तुकडे लहान आहेत. नीट हात लावून बघ आणि जे वाटेल ते कडक शब्दांत लिही.

तुझी चिमटी


९ फेब्रुवारी

चिमटे,

मुख्य झालीस, अभिनंदन. आता रड.

तुझं पाकीट आलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका तंबूत होते. एका जोडप्याने सहलीहून आल्यावर तो ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकला आणि चार वर्षांनी उघडला. आतला पाणी अडवणारा लेप विरघळून चिकट झालाय आणि वास तान्ह्या बाळाने दूध ओकावं तसा. दुकानभर झालाय. समोरचा चष्मेवाला दार लावून बसलाय. वर त्या बाई मला विचारतात, "वास जाईल ना हो?" म्हटलं, जाईल, तंबूसकट. लोक चपला पुसून कपाटात ठेवतात आणि ज्याच्याखाली झोपायचं ते कुजवतात. शिसारी येते मला.

दादा बर्फात चाललाय हे मला तू सांगतेस, तो सांगत नाही. त्याचा कान धरायचा राहिलाय माझा.

आता ऐक. हे तुला दहा वेळा सांगून झालंय, अकराव्यांदा लिहून देते. गोंद नळीकडे बघून निवडायचा नसतो, कापडावरच्या लेपाकडे बघून निवडायचा असतो. पीयूच्या लेपावर पीयू बसतो. सिलिकॉनच्या लेपावर सिलिकॉनशिवाय काही म्हणता काही बसत नाही. पीयू लावलास तर वाळेल, छान चकाकेल, आणि तंबू दोनदा घडी केला की सुटून हातात येईल. म्हणून कापडाबरोबर आलेला गिरणीचा कागद बघ, लेप कसला आहे ते. आणि बघून झाला की त्यावर विश्वास ठेवू नको. तुकड्यावर गोंद लावायचा, एक दिवस वाळू द्यायचा, मग नखाने ओरबाडायचा. नखाने निघाला तर नळी कचऱ्यात.

या ओकारीतून मोकळी झाले की तुझे तुकडे घेते. तुझ्या इस्त्रीला आशीर्वाद सांग. परवा दुकानातल्या खऱ्या इस्त्रीखाली माझं बोट आलं, तर करपल्याचा वास सुटला तेव्हा मला पत्ता लागला. म्हटलं, कोणाचं काय जळतंय? नाक अजून शाबूत आहे एवढं खरं. या तंबूपुरतं ते नसतं तर बरं झालं असतं.

आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या,

गिरणीचा कागद मिळाला. त्यावर सरळ लिहिलंय: दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप. मी तो साहेबांपुढे धरला. ते म्हणाले, "कागदावर काय वाटेल ते छापतात. पीयूची तीन पिंपं आणून ठेवलीयत, ती काय अंगाला चोपडू?" चोपडलीही असती त्यांनी, शर्टाला डाग पडणार नसता तर.

इथली घाण तुला सांगून खरी वाटायची नाही. ज्या फडक्याने गोंद पुसतात त्याच फडक्याने चहाचा कप पुसतात. हातमोजे तिघींत मिळून दोन जोड. मी काल एक घातला, तर आत कोणाचा तरी घाम अजून ओला होता. घरी आल्यावर मी हात चार वेळा धुतले आणि तरी जेवताना चमचा घेतला.

दादा येऊन गेला. जमिनीवर एक तंबू ताणलेला होता, त्यात आडवा झाला आणि आतून ओरडला, "ताई, पाय बाहेर राहतायत!" सगळ्या बाया हसल्या. मग बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, "शिवणी तू बघतेयस ना? मग झालं." आणि गेला.

तुकड्यांना हात लावलास का? बोटाला कसे लागले? काही चुकल्यासारखं वाटलं तर लगेच लिही. ओरडलीस तरी चालेल. खरं सांगू, ओरडच. तुझं पत्र जसंच्या तसं मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

चिमटी


२० फेब्रुवारी

चिमटे,

झालं एकदाचं तुझं काम. तिन्ही नळ्या लावल्या, दोन दिवस वाळवल्या, नखाने ओरबाडल्या, घड्या घातल्या, पाण्यात बुडवून पुन्हा ओरबाडल्या.

तीन नंबर काय आहे ते देवाला ठाऊक. पाण्यात टाकल्यावर पुन्हा शेंबूड झाला. मी तो बोळ्यात धरून फेकला आणि त्या बोळ्याकडे दिवसभर बघितलं नाही. एक नंबर बसली, पण जोर लावल्यावर कडेने रबरासारखी वर आली. दोन नंबर मात्र कापडात मुरली. नख तुटलं माझं, गोंद हलला नाही. चष्मेवाल्याला म्हटलं, तू ओढून बघ. त्याने पक्कडीने ओढलं तर तुकडा फाटला, गोंद तसाच.

याचा अर्थ एकच. त्या कापडावर सिलिकॉनचा पत्ता नाही. गिरणीने तुमच्या तोंडाला पानं पुसलीत. मला आश्चर्य नाही वाटत. हे गिरणीवाले कागदावर अत्तर शिंपडतात आणि आत कुजका माल भरतात. तीस वर्षं मी यांची घाण निस्तरते आहे. मला त्यांचा इतका वीट आलाय की हल्ली त्यांचा माणूस दुकानात आला की मी त्याला बसायलाही सांगत नाही.

तेव्हा दोन नंबर लाव. पहिला हात पातळ, दुसरा जाड, मध्ये फडक्याने पूस, आणि ते फडकं चहाचं नको. इस्त्रीला सांग, आत्याने स्वतः तपासलंय. माझं नाव घे.

आणि दादाला म्हणावं, एक पत्र टाकायला हात झिजत नाहीत.

आत्या


६ मार्च

आत्या,

तुझं पत्र साहेबांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो?" तेव्हापासून आम्ही दोन नंबर लावतोय. सोळा तंबू झाले. अख्ख्या मजल्यावर तो वास, डोळे लाल, जीभ कडू. एका बाईला काल तिथेच उलटी झाली. तिने ती स्वतः पुसली आणि परत ब्रश हातात घेतला. मला तिची लाज वाटली नाही, आमची वाटली.

एक विचारायचं होतं. काल नवव्या तंबूची एक शिवण मी सहज नखाने खाजवली, तर दुधावरची साय निघावी तसा गोंद निघाला. वीतभर, अखंड. बहुतेक तिथे नीट पुसलं गेलं नसेल. दहाव्याची बघितली, ती बरी होती, म्हणजे तितकीशी निघाली नाही. वाळायला अजून वेळ द्यावा का? तू तर दोनच दिवस वाळवला होतास ना?

तुला एकदाही वाटलं नाही का गं, की तुकडे जरा वेगळे आहेत?

चिमटी


१० मार्च

चिमटे,

साय! साय निघणारच. तेलकट हातांनी कापड धरायचं, त्याच हातांनी खायचं, आणि मग विचारायचं की गोंद का सुटला. मी तुमच्यातल्या एकीलाही माझ्या दुकानाची पायरी चढू देणार नाही. प्रत्येक शिवण स्पिरिटने पुसा, मग लावा. पुसलेलं फडकं फेका. पुन्हा वापरलंत तर तेच तेल पुढच्या शिवणीला.

तुकड्यांबद्दल तू दुसऱ्यांदा विचारलंस. वेगळे म्हणजे कसे? कापडासारखं कापड होतं. मी तीस वर्षं हे करते आहे, मला उलटतपासणी नको. तुला माझ्यावर भरवसा नव्हता तर तुकडे पाठवायचे कशाला?

आत्या


१४ मार्च

आत्या,

काल पाण्याची चाचणी झाली. बावीसही तंबूंचं काम संपलं होतं. साहेबांनी सांगितलं, नुसतं पाणी मारू नका, आधी घडी घाला, पिशवीत कोंबा, बाहेर काढा, मग मारा. चार वेळा कोंबले, चार वेळा काढले. पिशवीच्या तळाशी पिवळे पापुद्रे जमले होते, डोक्यातल्या कोंड्यासारखे, मूठ मूठ. एक बाई ते झाडूने गोळा करत होती आणि मी बघत उभी होते. मग पाणी मारलं. एक तंबू धड नाही. आत उभं राहिलं की प्रत्येक शिवणीतून थेंब पडतात, बरोबर माणसाचं डोकं जिथे येईल तिथे.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तू पत्र फाडलंस तरी मला चालेल.

तुझ्याकडे पाठवलेले तुकडे ताग्याच्या किनारीचे होते. कचऱ्याच्या पिंपातून मी उचललेले. कापड मोजून आलेलं आणि साहेबांनी बजावलं होतं की मधलं वीतभरही कोणी कापायचं नाही. किनारीपर्यंत लेप पोचत नाही, तिथे कापड कोरंच राहतं, आणि कोऱ्या कापडावर पीयूसुद्धा मुरतो, हे मला ठाऊक होतं. मी नऊ वर्षांची असताना तूच शिकवलंस. माझं बोट धरून आधी किनारीवर फिरवलंस, मग मध्ये, आणि म्हणालीस, "इथे अडकतं, तिथे निसटतं. कळलं?"

मी मुद्दाम पाठवले. साहेबांसमोर उभं राहून "मधलं कापड कापू द्या" म्हणायची माझी छाती झाली नाही. वाटलं, आत्याच्या हाताला लागताच ती भडकेल, लिहील की मूर्खांनो, ही किनार आहे, मधलं कापड पाठवा. ते पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवीन, आणि माझं काम तुझ्या शिव्या करतील. मी ठरवून पाठवलेत असं दिसू नये म्हणून गिरणीच्या टाचण्यांच्या भोकांची जी ओळ किनारीवर असते तीही कापून टाकली. फक्त हाताने कळावं म्हणून. तुझा हात आहे, कळेलच, अशी मला खात्री होती.

आणि तुझं पत्र आलं, की दोन नंबर लाव, माझं नाव घे. मी ते वाचून गप्प बसले. मला वाटलं, आत्याला कळूनही ती म्हणतेय म्हणजे काहीतरी असेल. नाही, तेही खोटं. मला वाटलं, आता माझी सुटका झाली.

स्वतःच्या हाताकडे बघवत नाही मला. अजून दादाला सांगितलेलं नाही. साहेब म्हणतात, वरून एक नंबरचा हात मारू आणि पाठवू. मी काय करू?

चिमटी


१७ मार्च

चिमटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा तुझ्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्यांदा वाचताना स्वतःचीच किळस आली, म्हणून आता लिहिते.

माझ्या बोटांना काही कळत नाही. दोन वर्षं झाली. आधी टोकं बधिर झाली, मग पेरं. डॉक्टरीण म्हणाली, तीस वर्षं टर्पेंटाइन नि स्पिरिटात हात घातल्यावर दुसरं काय होणार. मी कोणाला सांगितलं नाही. चष्मेवाला रोज माझ्याकडे चहा पितो, त्यालाही नाही. सुई हातात आहे की पडली हे मी बघून ठरवते. इस्त्रीखाली बोट आलं ते तुला विनोद म्हणून लिहिलं होतं. तो विनोद नव्हता.

तुझे तुकडे आले. मी ते चिमटीत धरले आणि मला काही म्हणता काही लागलं नाही. सिलिकॉन असतं तर ते साबणाच्या वडीसारखं निसटलं असतं, हे माझ्याकडे आठ दिवस शिकलेल्या पोरीलाही कळलं असतं. निसटतंय की नाही हे मला कळणार नव्हतं, म्हणून मी ते पाटावर टाचण्यांनी टोचून ठेवले. म्हणजे प्रश्नच नको. गोंद मुरला तेव्हा मनात आलं होतं, कागद सिलिकॉन म्हणतोय आणि हे असं कसं? कोणालातरी हात लावून बघ म्हणायचं, एवढंच करायचं होतं. चष्मेवाला समोर उभा होता. त्याला मी ओढायला सांगितलं, चाचपायला नाही सांगितलं. चाचपायला सांगितलं असतं तर बिंग फुटलं असतं. त्यापेक्षा गिरणीवाल्यांना शिव्या घालणं सोपं पडलं. मग तू दोनदा विचारलंस, तर तुझ्याच अंगावर धावून गेले, तेलकट हात म्हणून.

लोकांनी कुजवलेल्या तंबूंना मी नाक मुरडते. मी शेण खाल्लंय चिमटे, आणि ते माझ्याच भाच्याच्या डोक्यावर गळणार आहे.

आता रडत बसू नको. वरून एक नंबरचा हात अजिबात मारू द्यायचा नाही. पीयूवर सिलिकॉन बसत नाही, दोन्ही मिळून निघतील. आधी दोन नंबरचा एकूण एक पापुद्रा काढायचा. सुटतोय, तेव्हा नखाने, चमच्याच्या पाठीने, कशानेही निघेल. मग स्पिरिटने पुसायचं. मग एक नंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने भोकांत मुरवायची, एक दिवस वाळवायची, घडीत चिकटू नये म्हणून वर पावडर फिरवायची. आणि आधी मधल्या कापडाचा तुकडा कापून त्यावर बघायचं. इस्त्री नाही म्हणाला तर त्याच्यासमोर काप.

दादाला आजच्या आज सांग. माझंही सांग.

हे पत्र टाकून मी उद्याच्या गाडीने निघते. मी पापुद्रे काढेन. तेवढं डोळ्यांनी जमतं.

आत्या


१६ एप्रिल

आत्या,

तू गेल्यापासून पत्र लिहायचं म्हणते आणि हाताला व्हिनेगरचा वास येतो म्हणून ठेवून देते. तीन आठवडे झाले, साबण संपले, वास जात नाही. भातालाही तोच वास, उशीलाही तोच. एकदा बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

तू कारखान्यात आलीस त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या पत्रावर मी बावीस तंबू केले, आता तुम्हीच नाही कसं म्हणता?" आणि तू टेबलावरची सुई घेतलीस आणि सगळ्यांसमोर बोटाच्या टोकात खुपसलीस. पेरापर्यंत. आणि त्यांच्याकडे बघत राहिलीस. मी डोळे मिटून घेतले होते हे तुला सांगायचं राहिलं. उघडले तेव्हा सुई अजून बोटात होती आणि साहेबांचा चेहरा पांढराफटक. तू म्हणालीस, "या बोटाने तुझे तंबू पास केलेत. आता कापड काप." त्यांनी स्वतः कात्री आणली.

तू रक्त पुसायला गेलीस तेव्हा ते मागच्या मोरीत जाऊन ओकले. त्यांच्या शर्टावर उडालं. तसेच बाहेर आले, बाह्या वर केल्या आणि खाली बसून पापुद्रे काढायला लागले. सहा दिवस तो शर्ट मी कडक पाहिला नाही. बाया म्हणतात, आता नाव बदलायला हवं.

बावीसपैकी चौदाच तंबू झाले, ते तुला माहीत आहे. गेले ते चौदाच. दादाचं काल पत्र आलं, तुझ्यासाठी म्हणून उतरवून काढते:

"ताई, आत्या, दोघींना. दोनाच्या तंबूत तिघं तिघं झोपतो. माझ्या तोंडापाशी एका भल्या माणसाचे पाय असतात आणि त्याने नऊ दिवसांत मोजे बदललेले नाहीत. त्यावर तुमच्या गोंदाचा आंबट वास. पहिल्या दिवशी तिघांनाही मळमळलं. कोणी विचारलं की हा वास कसला, तर मी सांगतो, माझ्या आत्याचा. सहाव्या दिवशी वादळ झालं, दोन दिवस बाहेर डोकं काढता आलं नाही. बर्फ वितळून वरून पाणी वाहत होतं. मी रोज सकाळी हात वर करून सगळ्या शिवणी चाचपतो. कोरड्या आहेत. ताईने मला किनारीचं सगळं सांगितलं होतं, निघायच्या आदल्या दिवशी. मला राग आला होता, दोघींचाही. अजून थोडा आहे. खाली आलो की बोलेन. मोजे कोरडे आहेत."

एवढंच आहे. शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नको.

साहेबांनी आता नियम केलाय, ताग्याच्या मधला हातभर तुकडा चाचणीसाठी आधीच कापून ठेवायचा. तो मी कापते. मी स्वतःहून मागितलं ते काम.

तुझं बोट कसं आहे? पिकलं तर नाही ना? दुखत नसलं तरी रोज बघत जा.

चिमटी


२३ एप्रिल

चिमटे,

बोट बरं आहे. दुखलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

दादाचं पत्र चष्मेवाल्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं, माझे डोळे पाणावले म्हणून नाही, चष्मा दुरुस्तीला त्याच्याकडेच होता म्हणून. तो दोनदा हसला आणि मोज्यांची ओळ पुन्हा वाचली. त्याला मी सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, मला माहीत होतं, तुम्ही कप दोन्ही हातांनी धरता. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर चहा पीत होता आणि एक शब्द बोलला नाही. मला त्याचाही संताप आला.

दुकानाच्या पाटीवर मी आता एक कागद लावलाय: नवीन कापडाची तपासणी इथे होत नाही. शिवण आणि सफाई होते. दोन गिऱ्हाइकं वाचून परत गेली. एक बाई मात्र आत आली आणि तिने टेबलावर एक तंबू ओतला, ओतलाच म्हणावं लागेल, कारण तो गुंडाळायच्या अवस्थेत नव्हता. आत उंदराने घर केलं होतं. पिल्लांसकट. मला म्हणाली, "धुऊन निघेल ना?" मी नाकाला फडकं बांधलं आणि तंबू ठेवून घेतला. तीन दिवस धुतेय. आज पहिल्यांदा मला त्यात कापडाचा वास आला.

त्याच्या शिवणी उसवल्यात आणि नव्याने गोंद लावायचाय. लेप कसला आहे ते सांगणारा कागद उंदराने खाल्ला. मी चिमटीत धरून अर्धा तास बसले. जुन्या सवयीने डोळेही मिटून पाहिले. चष्मेवाला म्हणतो, निसटतंय. पण त्याची बोटं काचा पुसून पुसून गुळगुळीत झालीत, त्याला सगळंच निसटतं.

म्हणून सोबत एक तुकडा पाठवते. चांगला धुतलाय, घाबरू नको. किनारीचा नाही, मधला आहे. तिथे आता ठिगळ लावावं लागेल, ते मी लावीन.

हात लावून बघ आणि कसा लागतो ते कळव. तू म्हणशील तो गोंद मी लावीन.

आत्या